कार्ड हातात, यादीत नाव नाही

"एका मतानं असा काय फरक पडतो आजी? जाऊ द्या आता." २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. केंद्रावरच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माझ्या सासूबाईंना हे सांगितलं. बिचाऱ्यांनी समजूत काढायला म्हणून सांगितलं असेल, पण ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

सासूबाई तेव्हा ६९ वर्षांच्या. पहिलं मत त्यांनी १९७७ साली दिलं, मतदानाचं वय २१ होतं तेव्हा. त्यानंतर एकही निवडणूक चुकवलेली नाही. बाळंतपणानंतर महिनाभरात गेल्यात, पाय प्लास्टरमध्ये असताना रिक्षातून गेल्यात. त्या दिवशीही सकाळी साडेसातला इस्त्रीची साडी नेसून, ओळखपत्र रुमालात बांधून तयार. आत गेलो. मतदान अधिकाऱ्यानं यादीवरून बोट खाली आणलं आणि एका चौकोनाशी थांबवलं. नाव त्यांचंच, वय बरोबर, आणि त्या सगळ्यावर आडवा शिक्का. नाव वगळलेलं. कारण: स्थलांतर.

स्थलांतर! ज्या घरात त्या लग्न होऊन आल्या, त्याच घरात आजही राहतात. वीजबिल त्यांच्या नावावर येतं. त्याच घरातली माझी आणि नवऱ्याची नावं यादीत जागच्या जागी होती. मग त्या एकट्याच कुठे गेल्या?

त्या काहीच बोलल्या नाहीत. कार्ड परत रुमालात बांधलं आणि मागच्या बाईला पुढे जायला जागा दिली. मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त तेच लागलं.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, आधी यादी तपासायची ना. अहो, त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभेला त्यांनी याच केंद्रावर मत दिलं होतं! बोटावरची शाई मी पाहिलीय. सहा महिन्यांत नाव उडालं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ सांगतं की माणूस तिथे राहत नाही म्हणून नाव काढायचं असेल, तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्या. आम्हाला ना नोटीस आली, ना फोन, ना कोणी दारावर टकटक केली. आणि मतदानाच्या दिवशी ओरडून उपयोग शून्य, कारण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की यादीत नाव घालता येत नाही. ओळखपत्र खिशात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत नाही.

आणि वरून हे ऐकायचं, की एका मतानं काय फरक पडतो.

२००४ साली कर्नाटकात संथेमरहळ्ळीला ए. आर. कृष्णमूर्ती हरले. ४०,७५१ विरुद्ध ४०,७५२. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी, काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष आणि मुख्यमंत्रिपदाचे दावेदार, ६२,२१५ मतं घेऊन हरले. समोरच्याला ६२,२१६. एक मत! लांब कशाला जायचं? २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरला. तिथे एक मत जास्त पडलं असतं, तर चिठ्ठीची वेळच आली नसती. २०२४ च्या लोकसभेत मुंबई वायव्यमध्ये लाखो मतं मोजली आणि निकाल लागला ४८ मतांनी. ४८ म्हणजे एका सोसायटीची एक विंग. सासूबाईंना मत नाकारलं गेलं त्याच विधानसभेत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांचा, साकोलीचा २०८ चा. एकेका मतदान केंद्राच्या यादीत हजाराच्या आसपास नावं असतात. प्रत्येक केंद्रावर एखादं जरी नाव असं चुकीनं गेलं, तरी एवढ्या फरकाचा निकाल फिरू शकतो. हे समजायला गणित लागत नाही.

बरं, नाव काढणं इतकं सोपं, तर घालणं किती सोपं असावं? माझ्या मुलाचं ऐका. १८ पूर्ण झाल्यावर त्यानं हौसेनं यादीत नाव घालायचा फॉर्म ६ भरला. १८ पूर्ण झाली का हे ज्या दिवशी धरतात, अशा आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नियम चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा पहिला अर्ज नामंजूर, फोटो अस्पष्ट म्हणून. दुसरा नामंजूर, कारण काहीच नाही, नुसता मेसेज. चौकशीला गेलो तर खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "पडताळणीला आले तेव्हा घर बंद असेल." घर बंद असणारच! आम्ही दोघं कामावर, मुलगा कॉलेजात, सासूबाई दवाखान्यात. चिठ्ठी टाकून जायला काय झालं होतं? अर्जावर मोबाईल नंबर कशाला मागता?

बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी, म्हणून दारोदार फिरणाऱ्या बाईंवर माझा राग नाही, हेही सांगते. बहुतेक ठिकाणी त्या शाळेतल्या शिक्षिका नाहीतर अंगणवाडी सेविका असतात. स्वतःचं काम सांभाळून उन्हातान्हात हजारभर नावं तपासायची, जिने चढायचे, कोणी दार उघडत नाही. राग आहे तो अशी व्यवस्था चालवून वर नागरिकालाच दोष देणाऱ्यांवर.

आमचं तर स्वतःचं घर आहे. भाड्यानं राहणाऱ्यांचं काय? अकरा महिन्यांचा करार, मग दुसरं घर, की पत्ता बदलायला परत फॉर्म ८. पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर तो नोंदणीकृतच लागतो, आणि घरमालक नोंदणी करायला तयार नसतो. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत लटकलेलं. ऊसतोड कामगारांना तर त्या २० नोव्हेंबरला गाळप हंगामानं गावापासून कुठच्या कुठे नेलेलं. नाव गावच्या यादीत आणि माणूस उसाच्या फडात. उचल घेतलेला माणूस कोयता खाली ठेवून एका दिवसात मत देऊन परत येणार कसा?

आणि मतदान कमी झालं की संध्याकाळी सुरू. लोक बेफिकीर आहेत, सुट्टी घेऊन फिरायला गेले, शहरी माणसाला लोकशाहीचं काही पडलेलं नाही. जाहिरातींवर एवढा पैसा, चौकाचौकात "मतदान करा" चे फलक. आमच्या केंद्राच्या फाटकावरही तोच फलक होता. त्याच्याच खाली उभी राहून मी रिक्षा शोधत होते, त्यांना मत न देताच घरी न्यायला. एवढ्या खर्चात वगळलेल्या प्रत्येकाला एक साधं पोस्टकार्ड गेलं असतं. "तुमचं नाव काढतोय, हरकत असेल तर कळवा." एवढंच!

आता सासूबाईंचं नाव परत घालायचं तर फॉर्म ६ भरायचा. तो नवीन मतदारांचा अर्ज. ४७ वर्षं मत देणारी बाई, आणि अर्ज नवीन मतदार म्हणून. भरलाय. नातवाचा तिसरा अर्ज आणि आजीचा अर्ज एकाच दिवशी दिले.

सोबत एक लेखी अर्जही दिलाय. नाव वगळण्याची नोटीस कोणत्या तारखेला काढली, कोणत्या पत्त्यावर पाठवली, खाली सही कोणाची, तीनच प्रश्न. खिडकीवरचा माणूस पोच द्यायला तयार नव्हता. "उत्तर येईल घरी," म्हणाला. मी म्हटलं, शिक्का मारल्याशिवाय मी इथून हलणार नाही. पाऊण तास उभी राहिले. पोच घेऊनच आले.