आवाज ओरिजनलच पाहिजे

गावात संगणक चालवता येणाऱ्या माणसाकडे कोणते काम यावे, याला काही धरबंध नसतो. सातबारा, पीकविम्याचा अर्ज आणि लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन इतपत मी सोसत होतो. परंतु आमच्या खंजिरी भजनी मंडळाच्या काकाजींनी मोबाईल पुढे करून "चित्र नको गा, फक्त आवाज काढून दे, पण काहीच कमी झाला नाही पाहिजे" असे फर्मावले, तेव्हा माझी खरी परीक्षा सुरू झाली. कमी न होणाऱ्या आवाजाला लॉसलेस म्हणतात, हे त्यांना नागपूरला शिकणाऱ्या पुतण्याने सांगितले होते, आणि नागपूरच्या पुतण्याचा शब्द आमच्याकडे जीआरपेक्षा वजनदार असतो.

काम तसे किरकोळ होते. व्हिडिओच्या फाइलमध्ये चित्र आणि आवाज वेगवेगळेच ठेवलेले असतात आणि एफएफएमपेग नावाचे, २००० सालापासून फुकट मिळणारे सॉफ्टवेअर हवा तो भाग काढून देते. फ्लॅक हा लॉसलेस प्रकारही २००१ पासून तसाच फुकट आहे. वीज होती तेवढ्यात फाइल तयार झाली. अवघड होते ते काकाजींना समजावणे. मोबाईल चित्रीकरण करतानाच, कानाला जाणवणार नाही असे त्याला वाटते तेवढे आवाजातून गाळून टाकतो. पुढे व्हॉट्सअॅपवरून आलेला व्हिडिओ पुन्हा एकदा दाबून हलका केला जातो. जिनिंगमधून निघालेल्या रुईत सरकी परत भरता येत नाही, तसाच गाळलेला आवाज फ्लॅक केल्याने परत येत नाही. अशा वेळी आहे तो आवाज जसाच्या तसा उचलून एमफोरए फाइलमध्ये ठेवणे हेच शहाणपणाचे, असे मी सांगून पाहिले. परंतु तासाभराचे भजन फ्लॅक केल्यावर साठेक एमबीवरून तीनशेच्या वर गेलेले काकाजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

"वजन वाढलं ना? म्हणजे आवाज भरला," ते म्हणाले. त्यांच्या समाधानापुढे माझे बिटरेटचे ज्ञान टिकले नाही.

लॉसलेसला खरा न्याय मिळाला तो पुढच्या फाइलमध्ये. शूटिंगवाल्याकडे एका जुन्या लग्नाच्या मिनीडीव्ही कॅसेटची एव्हीआय फाइल होती. त्या कॅसेटवर आवाज न दाबता, १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ असा नोंदलेला होता, त्यामुळे वॅव्ह या न दाबलेल्या प्रकारात ठेवल्यास मिनिटाला सुमारे साडेअकरा एमबी लागत, आणि फ्लॅकमध्ये एक कणही न गमावता त्याहून बऱ्याच कमी जागेत तो मावत होता. त्यात काकाजींच्या दिवंगत वडिलांचे भजन होते, खंजिरीच्या चकत्यांची किणकिण वेगळी ऐकू येत होती. मात्र त्याच इमानदारीने मांडवामागचे जनरेटर, वांग्याच्या भाजीसाठी आचाऱ्याने मारलेल्या हाका आणि दर कडव्याला कोणाचे तरी "हॅलो, माइक टेस्टिंग" हेही जपले गेले होते.

"म्हाताऱ्याचा आवाज तेवढा ठेव, जनरेटर काढ ना गा," काकाजी म्हणाले. ते काढायला गेलो तर वडिलांचा खर्जही थोडा जाईल, हे ऐकून त्यांनी जनरेटर राहू द्यायला संमती दिली, आचाऱ्यालाही माफ केले. माइकवाल्याबद्दल मात्र ते जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी पेनड्राइव्ह देवळातल्या अॅम्प्लिफायरला लावला. शेंड्यावरचा भोंगा गप्प राहिला, कारण त्या अॅम्प्लिफायरला एम्पीथ्रीखेरीज दुसरे काही वाचताच येत नव्हते. बसलेल्या मंडळींच्या नजरा माझ्याकडे वळल्या. एम्पीथ्री करता येईल, पण त्यात आवाज थोडा गाळला जाईल, असे मी चाचरत सांगितले.

काकाजींनी क्षणभर विचार केला आणि तोडगा काढला.

"कर मंग एम्पीथ्री. पण लॉसलेस एम्पीथ्री कर."