चिहिरो मोठी झाली कुठे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आपले आभार. हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ (2001) या चित्रपटातील, बोगद्यापलीकडच्या आत्म्यांच्या जगात अडकलेली दहा वर्षांची चिहिरो हळूहळू समंजस होत जाते, असे मी लेखात म्हटले होते. आपला आक्षेप असा की, आरंभी कुरकुरणारी आणि रडणारी ही मुलगी एकदम शूर होते, प्रत्येक अडचणीत हाकू हा तिथला जादुई मुलगा तिच्यासाठी धावून येतो आणि शेवटी ती पुन्हा आईच्या दंडाला बिलगूनच बोगद्यातून बाहेर पडते. मग ती मोठी झाली कुठे?

हा बदल एकदम होतो, हे मला पटत नाही. त्या जगातल्या स्नानगृहाच्या बॉयलरच्या खोलीतला प्रसंग आठवून पाहावा. कोळशाच्या ढेकळाखाली काजळीचा एक इवलासा जीव दबतो, चिहिरो दयेपोटी ते जड ढेकूळ उचलते आणि आता हे कुठे ठेवू, असे विचारत तशीच उभी राहते. बॉयलर सांभाळणारा सहा हातांचा कामाजी तिच्या दयाळूपणाचे कौतुक करत नाही. हाती घेतलेले काम पुरे कर, एवढेच बजावतो, आणि ती अडखळत भट्टीपर्यंत जाते. पुढे स्नानगृहात काम करणारी लिन तिला कामाजीचे आभार मानायला लावते. तिला कोणतीही जादूची शक्ती मिळत नाही. ओझे उचलणे, फरशी पुसणे, मोठ्यांशी नीट बोलणे, हेच तिचे शिक्षण. स्नानगृहाची मालकीण असलेल्या युबाबा या चेटकिणीपुढे ‘मला काम द्या’ हे एकच वाक्य ती ज्या हट्टाने धरून बसते, तो हट्टही नवा नाही. बोगद्यात शिरायचे नाही म्हणून ती अडून बसली होती, तेव्हाचाच तो आहे. आपली नायिका नवे काही मिळवत नाही, तर मुळात अंगी असलेलेच बाहेर काढते, अशा अर्थाचे मियाझाकींनीही सांगितले आहे.

शिवाय त्या बोगद्यापाशी शहाणे कोण होते? परक्याच्या दुकानातले अन्न न विचारता खाताना वडील निर्धास्त असतात, कारण खिशात क्रेडिट कार्ड आणि रोख पैसे आहेत. त्याच बापाची मुलगी पुढे काओनाशी या मुखवटाधारी आत्म्याने ओंजळ भरून पुढे केलेले सोने नको म्हणते. मला या दोन दृश्यांतच चित्रपटाचे मर्म दिसते.

हाकूविषयी आपले म्हणणे पूर्वार्धापुरते खरे आहे. उत्तरार्धात मात्र पारडे फिरते. ते अन्न खाऊन डुकरे झालेल्या आईवडिलांसाठी राखून ठेवलेल्या औषधाचा अर्धा भाग ती जखमी हाकूला भरवते, उरलेला काओनाशीला देते आणि हाकूने केलेल्या चोरीबद्दल त्याच्या वतीने क्षमा मागण्यासाठी युबाबाच्या जुळ्या बहिणीकडे, झेनिबाकडे निघते. गाडी हल्ली परत येत नाही, असे कामाजी सांगतो, तेव्हा रुळांवरून चालत येईन, असे ती सहज म्हणून जाते. हे उत्तर सुरुवातीच्या चिहिरोला सुचले नसते.

राहिला प्रश्न आईच्या दंडाचा. काही क्षणांपूर्वीच या मुलीने युबाबासमोर, या डुकरांत माझे आईवडील नाहीत, असे ठामपणे सांगितलेले असते. आईवडील परत मिळाल्यावर तिने पुन्हा दहा वर्षांचे व्हावे, यात मला काहीच वावगे वाटत नाही. उलट ती ताठ मानेने, एकटी बाहेर पडली असती, तर ते मला खोटे वाटले असते. हाकू मुळात ज्या नदीचा आत्मा आहे, त्या नदीचे नाव चिहिरोला नेमके हवे तेव्हा आठवते, हा योगायोग मात्र मलाही फार सोयीचा वाटतो, आणि त्यावर आपण बोट ठेवले असते, तर माझ्याकडे उत्तर नव्हते.