घरटं डळमळीत नव्हतं

चीनमधल्या एका लहान कारखानदाराचं पत्र माझ्याकडे भाषांतराला आलं होतं. पैसे द्यायला उशीर होतोय, मुदत वाढवून द्या, एवढाच मजकूर. धंद्याबद्दल त्यानं चार अक्षरं लिहिली होती: फंग यू प्याओ याओ. शब्दकोशात अर्थ सापडला, 'अस्थिर'. मी लिहून टाकलं, 'आमचा व्यवसाय डळमळीत आहे.' पुढे त्या अक्षरांचं मूळ वाचलं आणि त्या माणसावर अन्याय केल्याचं फार लागलं.

फंग म्हणजे वारा, यू म्हणजे पाऊस, प्याओ-याओ म्हणजे हेलकावे खाणं. हे शब्द 'शिजिंग' या चीनच्या सर्वात जुन्या काव्यसंग्रहातले. त्यातल्या 305 कवितांपैकी एक आहे पक्षिणीच्या तोंडी. घुबडानं तिचं पिल्लू नेलंय. ती विनवते, पिल्लू नेलंस, आता घर तरी मोडू नकोस.

मग ते घर कसं उभं राहिलं ते सांगते. आभाळ भरून यायच्या आत तुतीच्या मुळांची साल ओढून आणली, दारं-खिडक्या बांधून घेतल्या. पंजे आखडले, चोच सोलवटली. आखडलेल्या पंजांसाठी तिथे शब्द आहे ज्ये-ज्यू. आजही चिनी माणसाचा हात तंग झाला की तो हाच शब्द वापरतो! आणि शेवटी: पिसं झडली, शेपटी विरली, माझं घर उंचावर झुलतंय, वारा-पाऊस त्याला हलवतोय, मी नुसती ओरडतेय. कविता तिथेच संपते. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही.

परंपरेनं ही कविता प्राचीन चीनमधल्या एका राजाचे भाऊ चौ कुंग यांची मानतात. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी राजा वारला, मुलगा लहान, म्हणून या काकांनी कारभार सांभाळला. भावांनीच कंड्या पिकवल्या की हा गादी बळकावणार. तेव्हा चौ कुंग यांनी ही कविता पुतण्याला दिली, असं 'शांगशू' या प्राचीन ग्रंथात आहे.

आपण 'डळमळीत' म्हणतो तेव्हा बोट पायाकडे जातं. पाया कच्चा, खांब ढिला, कुणीतरी कामात कुचराई केली. पक्षिणीनं कसली कुचराई केली होती? चिनी शब्दांत वारा-पाऊस आधी येतो, म्हणजे हलवणारा कोण ते आधी सांगितलं जातं. 'अस्थिर' लिहिलं की तो गायब होतो, आणि उरतं ते नुसतं हलणारं घर.

ते पत्र आज आलं असतं तर मी लिहिलं असतं, 'वाऱ्यापावसानं आम्हाला झोडपलंय, अजून तग धरून आहोत.'