मूल्यमापन करायचंय? वर्गात तेवढं जाऊ नका

भावी शिक्षकांना वर्गात टेक्नॉलॉजी कशी वापरायची ते शिकवणारा कोर्स तुम्ही उरकलात, आता वरून मूल्यमापनाचा रिपोर्ट मागितलाय, तर टेन्शन घेऊ नका. शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म वाटा, सर्टिफिकेट द्यायच्या बरोब्बर आधी. 'मी आता डिजिटल साधनं आत्मविश्वासाने वापरू शकतो', एक ते पाच. लिकर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली ही एक ते पाचची पट्टी काढली ती माणसाचं मत मोजायला, हात किती चालतो ते मोजायला नाही, पण तो कुठे येतोय आता विचारायला.

कोर्सच्या आधी मात्र हाच फॉर्म चुकूनही भरून घेऊ नका हं. तेव्हा सगळे बिनधास्त पाचवर टिक करतात, दिवसभर मोबाइल हातात असतो ना, आणि मग खरंच काही शिकले की कळतं आपल्याला काय काय येत नाही, आणि नंतरचा आकडा खाली येतो. म्हणजे कोर्स चांगला झाला म्हणून ग्राफ पडला! हे वरच्यांना समजावत बसणार का तुम्ही?

किर्कपॅट्रिकने १९५९ पासून प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्यात, आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, फरक पडला का. तुम्ही पहिल्या पायरीवरच सतरंजी अंथरा. रिपोर्टमध्ये 'टीपॅक' हा शब्द दोन-चारदा पेरा, मिश्रा आणि कोहलर, २००६. विषय, शिकवण्याची पद्धत आणि तंत्रज्ञान एकमेकांत मिसळायला हवं असं ते म्हणतात, ते सोडा, गणितवाल्याला आणि भाषावाल्याला तीच स्लाइड बनवायला लावा.

आणि सराव पाठ बघायला जाऊ नका. मी गेले होते एकदा. अपूर्णांकाचा व्हिडिओ, आवाजच येईना, ती शिकाऊ शिक्षिका बिचारी केबल काढतेय, घालतेय, शेवटी मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "मॅडम, म्यूट आहे!" तोवर अर्धा तास संपलेला. मग तिने खडू घेतला, एक कागद चौघांत फाडून वाटला आणि दहा मिनिटांत पाव म्हणजे काय ते सगळ्या वर्गाला कळलं. फॉर्मवर तिने स्वतःला पाचपैकी पाच दिले होते, आणि व्हिडिओ कधी बंद करावा ते कळण्याला तर रकानाच नव्हता.

कव्हरवर फोटो तिचाच टाकलाय, स्मार्ट बोर्डसमोरचा. फोटोत आवाज नाहीये ते कुणाला कळतंय.