एकत्र कुटुंब आहे ना, मग?

दिवाळी जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर 'एक पणती जवानांसाठी' सुरू होतं. यंदा मी लिहिलं, पणती लावाच, पण जवानाच्या घरीही कुणीतरी जा. त्यावर साताऱ्याचा चुलतभाऊ म्हणतो, "ताई, ते अमेरिकेत लागतं. तिथे माणसं एकटी. आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे."

कुठलं एकत्र कुटुंब? माझा भाऊ फौजेत, लडाखला. वहिनी मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आई-बाबा गावी. गेल्या दिवाळीत भाच्याला किल्ल्यासाठी माती हवी होती. एरवी त्याचा बाप आणतो. वहिनीने स्कूटीवरून पोतं आणलं आणि एकटीने तिसऱ्या मजल्यावर चढवलं. त्याच बिल्डिंगमध्ये घरोघरी स्टेटसला तिरंगा होता.

मी अमेरिकेत नॉरफोकला राहते, नौदलाचा तळ असलेलं शहर, निम्मी गल्ली नेव्हीची. फोर्ड ही विमानवाहू युद्धनौका मे 2023 मध्ये इथून निघाली. ऑक्टोबरात गाझाचं युद्ध पेटलं, परतीची तारीख पुढे पुढे गेली आणि जहाज धक्क्याला लागलं 17 जानेवारी 2024 ला. म्हणजे नाताळ गेला. आमच्या शेजारणीचा नवरा त्यावर होता. 'काही लागलं तर सांग' असं तिला कुणी म्हटलं नाही. समोरच्याने शिडी लावून तिच्या छताला दिवे लावले. मुलीला पोहायला मी नेत होते. बापाने जहाजावर गोष्टीचं पुस्तक वाचून पाठवलेला व्हिडिओ ती पोरगी गाडीत पुन्हा पुन्हा लावायची, आपणही बरोबर म्हणायची. जहाजाच्या कमांडची खबर घरी पोचवायला ओम्बड्समन असते, म्हणजे बहुधा नौसैनिकाचीच बायको, स्वयंसेवक म्हणून नेमलेली. तेव्हाचे अमेरिकी नौदलप्रमुख ॲडमिरल झुमवाल्ट यांनी 1970 साली ही पद्धत सुरू केली, ती आजही चालू आहे.

अमेरिकेचं कौतुक पुरे, असं म्हणाल. इथेही नवऱ्याच्या बदलीपायी बायकांच्या नोकऱ्या जातात, ते मी रोज बघते. आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. लष्करी कुटुंबांसाठीची 'आवा' संघटना आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, 7 डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी जमतो. पण मातीचं पोतं उचलायला कार्यालय कसं येणार? ते काम शेजाऱ्याचं. पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावलेल्या, सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही, शेजारचं घरही फौजीचंच. साताऱ्यातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याला वहिनीचं नावही ठाऊक नसतं. चुलतभावाला ते एकत्र कुटुंब नेमकं कुठे दिसलं?

मला हे इतकं लागलं, कारण इथल्या शेजारणीच्या दारात मी हक्काने जाते आणि वहिनीकडून फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच ऐकते. भाऊबीजेला नेटवर्क मिळालं तर भाऊ दिसतो. गाव कुठलं विचारलं की मी अजून साताराच सांगते, पण साताऱ्यात माझा उपयोग शून्य.

म्हणून त्याला स्पष्ट लिहिलं आहे. वहिनीचं घर तुझ्यापासून दहा मिनिटांवर आहे. दिवाळीत पाडवा सगळ्यात अवघड, घरोघरी बायका नवऱ्याला ओवाळत असतात. त्या संध्याकाळी तिला आणि मुलांना जेवायला घेऊन ये. येतेस का म्हणून विचारत बसू नकोस, ती नाहीच म्हणेल. सरळ गाडी घेऊन जा.