ऐकू न आलेला पांचट जोक

'द ऑफिस' या विनोदी टीव्ही मालिकेचा विषय निघाला की कुणीतरी नाक मुरडतंच. "काय ते पांचट जोक! समोरचा काही बोलला रे बोलला की हा बॉस, मायकल स्कॉट, लगेच 'दॅट्स व्हॉट शी सेड'!"

मान्य. समोरच्याच्या साध्या वाक्याला 'तीही हेच म्हणाली होती' असं जोडून चावट अर्थ काढायचा, एवढाच तो जोक. पांचटच आहे. कमरेखालचा, शाळेतल्या शेवटच्या बाकावरचा. पण नाक मुरडणारे जोक ऐकतात, कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

२००१ च्या मूळ ब्रिटिश मालिकेपासूनच ऑफिसवर माहितीपट चाललाय अशा थाटात सगळं चित्रित होतं आणि मागून हसण्याचा आवाज नाही. कुठे हसायचं ते कुणी सांगत नाही. तिथला बॉस डेव्हिड ब्रेंट काहीतरी आचरट बोलतो आणि कॅमेरा निमूटपणे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जातो. खरा विनोद तिथे, त्या अवघडलेल्या दोन सेकंदांत.

मायकलच्या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या सीझनमधली ती साक्ष आठवा. मायकलची आधीची वरिष्ठ आणि आता प्रेयसी असलेल्या जॅनने कंपनीवर दावा लावलाय, मायकल तिच्या बाजूने साक्षीला बसलाय. वकील सरळ विचारतो, तुम्ही तिच्या हाताखाली होतात ना? शब्दच असे निवडलेत की ह्याला राहवत नाही. टाकतो जोक. वकिलाला कळत नाही, म्हणून हा पुन्हा टाकतो! मग लघुलेखिका ते सगळं नोंदीतून वाचून दाखवते. सपाट आवाजात, बातम्या द्याव्यात तसं. पांचट वाक्य तेच, पण आता ते कायदेशीर कागदावर आहे. लेखकाची हुशारी म्हणतात ती ही.

उलट कंपनीचा सेल्समन टॉड पॅकर घ्या. त्याचेही जोक घाणेरडेच, पण त्याला समोरच्याला खजील करायचं असतं. मायकलला फक्त आपण सगळ्यांना आवडावं असं वाटतं, बिचाऱ्याला. म्हणून एकाची किळस येते आणि दुसऱ्याची कीव. (पॅकरच्या जोकवर मनापासून हसणारा पुन्हा मायकलच, हेही लेखकांनी बरोबर हेरलंय.) पॅकर मला अर्धा एपिसोडही सोसत नाही, आणि तो सोसू नये म्हणूनच लिहिलाय असं माझं मत.

सातव्या सीझनमध्ये, २०११ साली, मायकल निघतो. विमानतळावर शर्टाला लावलेला माईक काढता काढता म्हणतो, हे छातीवरून उतरलं की किती बरं वाटेल. माईक निघतो. आवाज बंद. आणि त्याचे ओठ हलतात.

काय म्हणाला ते सांगायला नकोच.