सोमवारचा उपवास, इन्सुलिन आणि मोबाइलवरचे धर्मशास्त्र

श्रावण जवळ आला की इंदूरच्या मराठी घरांत मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. सोमवारी निर्जळी उपवास केल्याने मधुमेह मुळापासून बरा होतो, हे सिद्ध करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले, त्या दिवशी चंद्र शरीरातील विष ओढून घेतो आणि औषध घेतल्यास व्रतभंग होतो, असे त्यात ठासून सांगितलेले असते. लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या मावशीने तो वाचून सोमवारी इन्सुलिन न घेण्याचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

औषधाने व्रत मोडते, हा दावा सर्वांत घातक आहे आणि तो शास्त्राच्याही विरुद्ध आहे. उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो: ‘अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः । हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥’ व्रताला बाध न आणणाऱ्या या आठ गोष्टींत शेवटी औषध आहे आणि आरंभीच पाणी आहे. म्हणजे निर्जळीची सक्तीही या मजकुराच्या कर्त्याने पदरचीच घातली आहे. इन्सुलिन मनाने बंद केल्यास रक्तातील साखर जिवावर बेतेल इतकी चढू शकते, तर नेहमीचाच डोस घेऊन उपाशी राहिल्यास ती एकाएकी उतरून शुद्ध हरपू शकते. त्यामुळे उपवास करावा की नाही आणि केल्यास डोस किती घ्यावा, हे आधी डॉक्टरांना विचारायलाच हवे. शिवाय आपल्याकडे उपवास म्हणजे साबूदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि फरियाली मिक्स्चर. साबूदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते, तेव्हा मधुमेह ‘मुळापासून’ जाण्याची आशा कशाच्या बळावर धरायची? वजन उतरल्याने काहींचा मधुमेह आटोक्यात येतो, एवढे मात्र खरे.

नोबेलच्या गोष्टीतही थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली ते मिळाले आणि उपासमारीत पेशी आपलेच घटक मोडून पुन्हा वापरतात, याची यंत्रणा त्यांनी उलगडली. परंतु त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर होते. मधुमेहावरील उपचार म्हणून उपवास त्यांनी सिद्ध केलेला नाही.

राहिला चंद्र. इंदुरात आपल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो आणि आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्येनंतर. म्हणून त्यांच्या पहिल्या सोमवारी चंद्र क्षीण होत असतो आणि आपल्या पहिल्या सोमवारी वाढत असतो. यांपैकी कोणत्या सोमवारी तो विष ओढतो, याचा खुलासा त्या मजकुरात नाही.